चौथी ओळ

“प, र, ल, ग, न,” आत तपासणीच्या खोलीत कुणीतरी वाचत होतं, आणि बाहेर बाकावर बसलेला वस्ताद ओठातल्या ओठात तेच पुटपुटत होता.

“देवाचं नाव घेताय का?” बायकोने विचारलं.

“तेच समज. मध्ये बोलू नकोस.”

वस्ताद म्हणजे कोपऱ्यावरच्या सलूनचा मालक, आणि कारागीरही तोच. कान मोठे तिखट. गिऱ्हाइकांची डोकी हातात घेऊन त्याने साऱ्या गल्लीच्या भानगडी ऐकल्या होत्या, आणि एकदा ऐकलेलं तो विसरत नसे. डोळ्यांनी दगा दिल्यापासून या कानांवरच त्याचा गाडा चालला होता. आवाजावरून माणूस ओळखायचा, बोटांनी केस मापायचे, आणि कुणी ‘दिसतं ना रे नीट?’ म्हणून विचारलंच, तर ‘तुमचं टक्कल तर लख्ख दिसतंय’ म्हणून हसण्यावारी न्यायचं. बायकोलाही त्याने ‘जरा धूसर आहे’ एवढंच सांगितलं होतं. खरं तर दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांची मधली जागा झिजून गेली होती. समोर पाहिलं की मधोमध काळा डाग, आणि उरलेलं जग कडेकडेने.

या इस्पितळात एक नवा उपचार सुरू झाला होता. मूळपेशी म्हणजे अजून कोऱ्या पेशी. त्यांच्यापासून प्रयोगशाळेत पडद्याच्या पेशी वाढवायच्या आणि झिजलेल्या जागी सोडायच्या, असं डॉक्टरबाईंनी मागच्या खेपेला समजावलं होतं.

“म्हणजे टकलावर केस लावतात तसं,” वस्ताद म्हणाला होता.

“तसंच समजा. पण उगवतीलच, अशी हमी नाही. हा अजून प्रयोग आहे.”

प्रयोगात एकच जागा उरली होती. “नीट वाचा हं,” बायकोने निघताना बजावलं होतं, “नाहीतर हातची जागा जायची.” शाळेत सातवीतच गटांगळ्या खाल्लेल्या वस्तादाने मनाशी ठरवलं होतं, या परीक्षेत पास व्हायचंच.

नर्सने हाक मारली. एक डोळा झाकून तो खुर्चीत बसला. समोर काहीतरी पांढुरकं होतं, तीच पाटी असणार. त्याने वरपासून जे सुरू केलं ते चौथ्या ओळीच्या ‘न’पाशीच थांबला. बायको दारातून ऐकत होती. तिला इतकं बरं वाटलं की तिने पदराने डोळे टिपले.

डॉक्टरबाई मात्र पडद्याचा फोटो पुन्हा पुन्हा पाहत होत्या. “फोटोत मधला भाग गेलेला आहे. आणि तुम्ही चौथी ओळ वाचलीत?”

“घडाघडा!” बायको म्हणाली.

“मग यांना घेता येणार नाही. नजर जवळजवळ गेलेल्यांनाच आम्ही घेतो. इतकं दिसणाऱ्याच्या डोळ्यात सुई घालून आहे तेही घालवायचं का?”

वस्ताद जन्मात एकदा पास झाला, तर तेही नापास व्हायच्या परीक्षेत.

“बाई, मी वाचलं नाही,” तो म्हणाला. “ऐकलं. माझ्या आधीचे गृहस्थ वाचत होते ना, ते ऐकून पाठ केलं.”

डॉक्टरबाईंनी दुसरी पाटी लावली. वरचं एकुलतं मोठं अक्षर त्याने मान वाकडी करून शोधलं, आणि तेही चुकलं. बायको बघतच राहिली.

“माझा आता विश्वास बसतो,” डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. “पण मी एकटी ठरवत नाही. उपचाराने फरक पडला की नाही, हे आम्ही रुग्णाच्या वाचण्यावरूनच ठरवतो. एकदा पाठ करून सांगितलेल्या माणसाचं पुढचं वाचन कुणी खरं धरणार नाही हो.”

“पुन्हा कधी?” वस्तादाने विचारलं.

“पुढचा प्रयोग निघाला तर. तोवर पडदा किती उरेल, कोण जाणे.”

बाहेर आल्यावर बायको रागावेल म्हणून तो वाट पाहत राहिला. ती रागावली नाही, आणि त्याचीच त्याला धास्ती वाटली. जिन्यापाशी ती थांबली.

“मी समोर असले की काय दिसतं?”

“खांदे दिसतात. कान दिसतात.”

“आणि चेहरा?”

“तिथे डाग आहे.”

“कधीपासून?”

“धाकटीच्या लग्नाआधीपासून.”

“लग्नात मला म्हणालात, छान दिसतेस.”

“दिसतच असणार की गं.”

मग मात्र ती तिथेच पायरीवर बसून रडली. वस्तादाला रडण्याचा फक्त आवाज आला, आणि स्वतःची इतकी चीड त्याला कधीच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये पहिलं गिऱ्हाईक आलं ते अण्णा, निवृत्त पोस्टमन. त्यांचे केस कापून झाल्यावर वस्तादाने कात्री ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं. “अण्णा, मला दिसत नाही. आता दुसरीकडे जात जा.”

अण्णा उठले नाहीत. “माहीत आहे रे. एक कल्ला वर, एक खाली असतो. घरी गेलो की सूनबाई सारखे करून देते.”

“आणि बाकीचे?”

“सगळे असंच काहीतरी करतात.”

“मग मला का नाही सांगितलंत?” वस्ताद उसळला. “वेळेवर कुणी तोंडावर म्हणालं असतं, तर काल मी तिथे सोंग केलं नसतं!”

“तू तरी कुठे सांगितलंस?”

मग वस्तादाने पुन्हा कात्री उचलली. दोन्ही अंगठे अण्णांच्या कानांपाशी टेकवून त्याने अंदाज घेतला, डावीकडे थोडं कापलं, पुन्हा अंगठे टेकवले, आणखी थोडं कापलं.

“आता खरं सांगायचं, अण्णा. झाले सारखे?”

अण्णांनी आरशात पाहिलं. डावा कल्ला आता उजव्याच्या बोटभर वर गेला होता.

“अगदी सारखे,” ते म्हणाले.