पहिल्यांदा विचारल्यावर पाच

चावून चावून पाहणीवालीच्या पेन्सिलीचं मागचं टोक पार चपटं झालेलं, त्यावर दातांच्या खुणा, आणि त्या खुणांकडे बघता बघताच केझांगच्या तोंडून "पाच" निघून गेलं... हात तोंडावर, मान खाली, कुणी जास्तीचा भात वाढायला आलं की नको म्हणताना होतं तसं. आणि थिंफूहून सरकारतर्फे घरोघरी सुखाची पाहणी करायला आलेल्या त्या चोकी नावाच्या मुलीनं चक्क पाच लिहून टाकले. लिहून लगेच पुढचा प्रश्न, शेजाऱ्यांशी भांडण किती वेळा झालं.

अगं, पण पहिल्या विचारण्याला खरं कोण सांगतं? पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नको-नको, तिसऱ्यांदा कप पुढे. ही चोकीच सकाळी चहाला दोनदा नाही म्हणाली आणि मग तीन कप प्यायली. केझांग वाट बघत राहिली, आता परत विचारेल, आता विचारेल... दोन तास प्रश्न चालले, झोप किती, राग किती, मरणाचा विचार येतो का, पण शून्य ते दहामध्ये सुख किती, हे एकदाच.

आणि विचारलं असतं तर? मी काय सांगितलं असतं?

चोकी गेल्यावर ती शिडीनं छपरावर चढली आणि वाळत घातलेल्या मिरच्या उलटायला लागली. दुपारी नवऱ्याचा, सांगेचा फोन येणार. त्याला ऑस्ट्रेलियात पर्थला जाऊन दोन वर्षं झाली, तिथे म्हाताऱ्यांच्या आश्रमात फरशा पुसतो, आता तिचेही कागद झालेत, आणि येते की नाही ते आज सांगायचंय. इथे सुख पाचच असेल तर जावं की, अडवलंय कुणी? पण पाच नव्हतेच. सहा? एकेक मिरची पालथी करत... तो गेला त्या दिवशी पारोच्या विमानतळावर ती रडली, खरंच रडली, आणि घरी येऊन — हे कुणाला सांगणार — अख्ख्या अंथरुणावर आडवीतिडवी पसरून इतकी गाढ झोपली की सकाळी शेजारच्या ल्हादेनमावशीला दार बडवावं लागलं. तो वाईट नव्हता. कधी हात उचलला नाही, पिऊन आला नाही. फक्त तो घरात असला की हिचे कान सारखे तिकडे, आता काय लागेल, आता काय म्हणेल... ते थांबलं. सात. या वर्षी कुणाला न विचारता वरच्या तुकड्यात बटाटा लावला. आठ. मग नऊ म्हणायला काय हरकत होती — पण ल्हादेनमावशी तेव्हा शेजारीच बसलेली, नवरा परदेशात राबतोय, कुठली बाई नऊ म्हणेल? मावशी तर चोकीला म्हणालीसुद्धा, "पाच म्हणजे चांगलेच की. नवरा जवळ नसताना आणखी किती असणार?"

फोन छपरावरच आला. त्याची जेवणाची सुट्टी होती, बाकावर बसून डब्यातला गार भात खात होता, चावल्याचा आवाज येत होता. पाहणीवाले येऊन गेले हे तिनं उगाचच सांगून टाकलं.

"मग किती सांगितलंस?"

"पाच."

तो हसला. "मी तर तीनच सांगितले असते," म्हणाला. "तू आलीस की बघ कसे वाढतात. तिकीट काढू ना?"

"मिरच्या अजून ओल्या आहेत," ती म्हणाली, आणि हे काही उत्तर नव्हे हे दोघांनाही कळलं.

तीन. त्या परक्या गावात, बाकावर, तीन... तिला त्याची दया आली, खरंच आली. तिनं स्वतःच्या आत डोकावून पाहिलं, आता तरी आकडा खाली येईल म्हणून थोडं थांबूनही पाहिलं. नऊ. नऊच. फोन कानाला तसाच, पलीकडे त्याचा श्वास, आणि तिला पहिल्यांदाच त्या नऊची भीती वाटली.