सात-एकोणीसचे दोन टायर

झुंबरलालशेठ आणि धाकटा रुपचंद यांच्या वाटणीला सात वर्षं झाली. दुकानं, घरं, भांडीकुंडी सगळं निमूट वाटलं गेलं. घोडं अडलं ते वडिलांच्या पॅकार्ड मोटारीपाशी. गाडी थोरल्याकडे जळगावात राहिली, तेव्हा रुपचंदाने भर अंगणात जॅक लावून मागचे दोन टायर काढले आणि ते घेऊन तो धुळ्याला, देवपुरात राहायला गेला. तेव्हापासून पॅकार्ड मागची बाजू विटांवर टेकून उभी होती.

आता शेठांच्या लेकीचं, लाडकुंवरचं लग्न आठ दिवसांवर आलं. पोरीने हट्ट धरला: पाठवणी पॅकार्डमधूनच, आणि काका हवाच. शेठांनी विचार केला, काका कशाला? टायरपुरताच ना? टायर मिळाले की काकाचं काय काम! हट्टाला पेटलेल्या माणसाला असलं गणितही बरोबर वाटतं.

माप होतं सात-एकोणीस, म्हणजे सात इंच रुंद आणि एकोणीस इंची रिमवर बसणारं. जळगावचे दुकानदार हसले. मोटारींसाठी ते माप बंद होऊन जमाना लोटला होता. जीपचा टायर रिमवर चढेना, ट्रकचा बांगडीसारखा नुसताच फिरे. अखेर नशिराबादला आठ-एकोणीस सापडले. एकोणीस तर जुळलं, शेठांना तेवढं पुरे झालं.

"शेठ, हाई माप बैलगाडीनं शे," ड्रायव्हर वना म्हणाला.

"मोटारीला कोण सांगायला जातंय?" शेठ म्हणाले.

टायर बसले. पण मागचे उंच नि जाडजूड, पुढचे झिजून चपाती झालेले. पॅकार्ड पुढे कलली. मागच्या सीटचं चामडं आधीच गुळगुळीत; बसणारा घसरत पुढे येई आणि पुढच्या सीटला कपाळ टेकी. शेठ तीनदा बसले, तीनदा नमस्कार घडला. व्याह्यांपुढेही न वाकलेला हा माणूस!

तरीही धुळ्याला जायचंच होतं. रुपचंदाच्या दारावरून ताठ मानेने गाडी नेली की झालं, त्याच्यावाचून काही अडत नाही हे त्याला दिसेल. शेठ पायांनी रेटा देत पारोळ्यापर्यंत ताठ बसले. पुढे पोटऱ्यांत गोळे आले आणि रेटा सुटला.

"शेठ, मान वर करा, बठ्ठा लोके दखी ऱ्हायनात," देवपुरात वना कुजबुजला. रस्त्यावरचे सगळेच बघत होते.

शेठ मान वर करायला गेले, तोच म्हैस आडवी आली. वनाने ब्रेक दाबला आणि शेठांचं कपाळ पुन्हा सीटवर आदळलं, तेही नेमकं रुपचंदाच्या दारासमोर.

रुपचंद अनवाणी धावत आला. "भाईसा! तुम्ही मान खाली घालून माझ्या दारात? अहो, नुसता निरोप धाडला असता तरी मी लोळत आलो असतो!" आणि त्याने रडत शेठांचे पाय धरले.

'टायर' हा शब्द शेठांच्या अगदी ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला. धाकट्याचे केस पार पांढरे झाले होते, आणि हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं.

"पोरीचं लग्न आहे," ते म्हणाले. "चल."

रुपचंदाने आतून दोन टायर आणले. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून त्याने ते सात वर्षं जपले होते. मग तो भावाशेजारी बसला, घसरला आणि त्यानेही कपाळ टेकलं.

वनाने जॅक काढला. "बदली टाकू का, शेठ?"

"नको रे," शेठ तसेच वाकून म्हणाले. "लग्न पार पडू दे. ताठ बसलो की आम्ही पुन्हा भांडू."