कोकिळाबाईच्या ओटीतली काच

मी काच बोलतेय. आरसा नव्हे हं. त्याचं कौतुक जन्मभर होतच असतं. मी नेर-यवतमाळ एसटी गाडीच्या डाव्या अंगाची, मागून तिसऱ्या खिडकीची काच.

भट्टीत लालबुंद तापवून मला एकदम गार वाऱ्यावर धरलं, म्हणून अंगात ताठा आला. चौदा वर्षं मी ऊन खाल्लं, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पिचकाऱ्या सोसल्या. जागा धरायला लोक मला सरकवून आत रुमाल टाकत, टोपी टाकत. एकदा तर चालतंबोलतं लेकरूच टाकलं. बसायला मिळालं की तीच माणसं किती सज्जन होतात!

गाडी मोडीत निघाली आणि मी जब्बारभाईंच्या काचेच्या दुकानात आले. त्यांची लेक शबाना चित्रकला शिकून आलेली. नव्या वाचनालयाच्या भिंतीवर तिला काचेच्या तुकड्यांची कापूस वेचणारी बाई करायची होती. लुगडं फुटक्या बांगड्यांचं, हात कापसाच्या झाडाच्या, पऱ्हाटीच्या सालीचे. असलं काही नेरात कुणी पाहिलं नव्हतं.

"जमलं त ठीक," जब्बारभाईंनी बजावलं होतं. "नाही त हे सोडायचं अन् खिडक्यायचे मापं घ्यायचे."

बाईच्या पोटाशी बांधलेली, कापसानं भरलेली ओटी तिला एका अखंड, गोल काचेची हवी होती. तिनं मला निवडलं.

"गाडीची काच कापल्या जात नाही, बेटा," जब्बारभाई म्हणाले. पण ते नमाजाला गेले आणि पोरीनं काच कापायचा हिरा माझ्यावर करकरून ओढलाच. वर ठोकाही मारला.

झालं! माझा ताठा क्षणात उतरला. ज्वारीचं पोतं उसवावं तशी मी दुकानभर सांडले. उद्घाटनाला चार दिवस उरलेले. मला पोरीचा राग आला आणि तिची दयाही आली.

जब्बारभाई परतले आणि झाडू घेऊन वाकले. शबानानं तो धरला.

"थांबा, अब्बा! हे पाहा त!"

चित्रासाठी घमेल्यात कालवलेल्या ओल्या पांढऱ्या सिमेंटवर माझे मूठभर दाणे पडले होते. पांढऱ्यावर मी अशी चमकत होते की माझी मलाच ओळख पटेना. मग पोरीला जेवणाखाण्याची शुद्ध राहिली नाही. भिंतीवरच्या ओटीत कुठं मला दाट पेरलं, कुठं विरळ; मध्ये सरकी रोवली, कडेला खरा कापूस डकवला.

उद्घाटनाला पाहुणे भाषणं करत होते, पण माणसं माझ्यापुढे गोळा झाली. जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचणारी कोकिळाबाई गर्दीतून आली आणि तिनं ओटीवर हात ठेवला.

"ओ बाई, हात नोको लावू!" कुणीतरी ओरडलं.

"काहून नोको? माहीच ओटी हाय हे! भरली का अश्शीच लोंबते."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की भाषण बंद पडलं. मी जिंकले! शबाना जिंकली! जब्बारभाई पुढे आले. चाळीस वर्षं काच कापलेला तो माणूस सगळ्यांदेखत लेकीला म्हणाला, "बेटा, मले शिकवशीन काय हे?"

आता दुसऱ्या भिंतीचं काम सुरू आहे. दुपारी जब्बारभाई तिथं मांडी घालून दाणे लावतात. चुकले की शबाना रागावते, ते दाणा काढून पुन्हा लावतात. नेरला आलात तर जरूर या, माझ्यावर हात फिरवा. फक्त त्यांच्याकडे टक लावून पाहू नका. आमचा विद्यार्थी साठीचा आहे, लाजतो.