कॉम्प्युटरचं टेबल

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या नव्या सोसायटीत राहायला आल्यावर नागोरावांनी पहिली मोठी खरेदी केली ती कॉम्प्युटरच्या टेबलाची. कॉम्प्युटर अजून घ्यायचा होता. लेकीला, दीपमालाला, इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर शाखा मिळाली होती, आणि त्या दिवसांत पुण्यात कॉम्प्युटर शिकणारं पोर घरात असलं की अमेरिका दाराशी उभी आहे असाच सगळ्यांचा समज होता. परभणीकडून येऊन कारखान्यात अर्धं आयुष्य काढलेल्या नागोरावांना वाटलं, टेबल आलं म्हणजे बाकीचं मागून येईल.

दोन वर्षं झाली, मागून काही आलं नाही. टेबलाच्या वरच्या फळीवर दीपाची आई, मुक्ताई, चादरींच्या घड्या ठेवू लागल्या. खाली कीबोर्डसाठी सरकती फळी होती. तिच्यामुळे खुर्ची पुरती आत जात नसे आणि दीपाच्या गुडघ्यांना ती रोज लागे. अभ्यास मात्र तिथेच बसून चाले, कारण घरात दुसरं टेबल नव्हतं.

तर ही दीपा दुसऱ्या वर्षाच्या गणितात नापास झाली. पुण्यातली इंजिनिअरिंगची पोरं ज्याला एम-थ्री म्हणतात तो पेपर. त्यात काही जगबुडी नव्हती. विषय मागे ठेवून तिसऱ्या वर्षात जाता येत होतं आणि निम्मा वर्ग तसाच पुढे सरकत होता. पण निकाल कळल्यापासून दीपाने पुढच्या वर्षाची फी भरायचं नावच काढलं नाही, तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली.

मग सल्ल्यांना काय तोटा? आत्याचा दिग्विजय आयटी कंपनीत होता, तो रविवारी मोटरसायकलवरून येऊन म्हणाला, "चिल यार दीपा. बीसीएला शिफ्ट हो. मॅथ्स नावाला असतं. आमच्याकडे मॅथ्स कोण विचारतं?" मुक्ताईंचं म्हणणं, डी.एड. करावं, घराजवळच्या शाळेत लागावं. प्रत्येकजण तिला गणितापासून लांब नेत होता, जसं भाजलेल्या पोराला चुलीपासून ओढतात. नागोराव तेवढे काही बोलत नव्हते. दीपाला त्याचंच जास्त लागत होतं.

खरी गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. त्या पेपरात दोन नंबरचाच प्रश्न असा होता की अवघड समीकरण एका वेगळ्या रूपात न्यायचं, तिथे ते सोपं होतं, मग सोडवून परत मूळ रूपात आणायचं. क्लासमध्ये तिने ही रीत पन्नासदा गिरवली होती. पण परीक्षेत लिहिता लिहिता तिचा हात थांबला. परत आणल्यावर उत्तर तेच असतं हे कशावरून? वाटेत काही सांडलं नाही, कशावरून? डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानांवर ती तेच ताडून बघत बसली, घंटा झाली, आणि बाकीचे प्रश्न कोरेच राहिले. वर तो किडाही सुटला नाही. हुशारीची गोष्ट म्हणून सांगावी अशी ही गोष्ट नव्हती. शुद्ध वेडेपणा होता.

अखेर एका दुपारी ती स्वारगेटला बस बदलून कोथरूडला आपल्या क्लासच्या रंगनाथ सरांकडे गेली. अर्धं पुणं एम-थ्री त्यांच्याकडे काढायचं.

"पुन्हा बसायचंय ना? सोमवारपासून बॅच," सर वर न बघता म्हणाले.

दीपाने आपला प्रश्न विचारला. सरांनी चष्मा काढला.

"आणि हे तू परीक्षेत शोधत बसलीस?"

"हो."

"छान. लोक निदान घरी जाऊन शोधतात."

दीपाचा चेहरा पडला. सरांनी हातातला पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे. पण माझ्या क्लासची फी त्याची नाही. इथे पास कसं व्हायचं ते शिकवतात. हे शिकायचं तर बी.एस्सी.ला जायचं, गणित घेऊन, पहिल्या वर्षापासून."

"आणि पुढे नोकरी?"

"पुढे काय होतं ते तुझ्यासमोर बसलंय," सर म्हणाले आणि चष्मा लावून पेपर तपासू लागले.

परतीच्या बसमध्ये दीपा रडली. नापास झाल्यावर नव्हती रडली ती. दोन वर्षं पाण्यात घालायची, वडिलांच्या डोळ्यांसमोरची अमेरिका पुसायची, आणि तेही कशासाठी, तर ज्या विषयाने तोंडघशी पाडलं त्याच्यासाठी. पण हेही तिला आता स्वच्छ दिसत होतं की निकालाच्या दिवसापासून तिला मार्कांचा आकडा छळत नव्हता. तो अर्धा राहिलेला प्रश्न छळत होता.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने बाबांना सगळं सांगितलं. नागोराव चहाचा कप हातात धरून ऐकत होते. त्यातलं निम्मं त्यांच्या डोक्यावरून गेलं.

"म्हणजे ज्यात नापास झालीस, तेच शिकणार?"

"हो."

"अगं, लोक हसतील."

"हसतील, बाबा."

"आणि तिथंही नापास झालीस तर?"

हा प्रश्न दीपाने स्वतःला बसमध्ये विचारला होता.

"तर परत बसेन. इथे पास झाले तरी माझं मन रमणार नाही."

आतून मुक्ताई काहीतरी बोलायला आल्या आणि नवऱ्याचं तोंड बघून दारातच थांबल्या. नागोरावांना वाईट वाटलं होतं, ते लपवता येण्यासारखं नव्हतं. चारचौघांत किती मिरवलं होतं त्यांनी. कप खाली ठेवून ते उठले आणि बाहेरच्या खोलीत गेले. दीपाला वाटलं, संपलं.

थोड्या वेळाने खडखड ऐकू आली म्हणून तिने जाऊन पाहिलं. नागोराव टेबलाखाली उताणे पडले होते, हातात स्क्रू-ड्रायव्हर. कीबोर्डची सरकती फळी सोडवून त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली. मग उठून खुर्ची ढकलली. ती पुरती आत गेली.

"बस," ते म्हणाले, "आता गुडघे लागतात का बघ."