गल्लीचे नाक

सासूबाईंनी तिसऱ्या बरणीचे झाकण उघडले, नाक आत घातले आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "तिन्ही सारख्याच. रिकाम्या."

नगरपालिकेच्या सभागृहात कारखान्याचा वकील समाधानाने खाकरला. दोन बरण्यांत साधी हवा होती. तिसरीत होती सासूबाईंच्या गल्लीच्या टोकाची, हाडे उकळून सरस बनवणाऱ्या कारखान्याच्या भिंतीलगत त्याच सकाळी भरलेली. ती उघडताच दाराशी उभ्या असलेल्या शिपायाने तोंड फिरवले होते. गल्लीतल्या एकालाही ती ओळखता आली नाही.

बरण्या मांडणारी बाई सासूबाईंचीच सून होती. शहरांना सल्ला देणे हे तिचे काम: कायदा कुठे लागतो, पैसा कुठून येतो, हवा कशी तपासायची. महागडी यंत्रे न परवडणाऱ्या नगरपालिकांसाठी ती मार्गदर्शिका लिहीत होती आणि या शहराचा वासाचा नियम हा तिचा पहिला प्रयोग होता. नियम झाला, तर कारखान्याला वास गाळणारी यंत्रणा बसवावी लागणार होती.

कायदा

वास ही तक्रार असते, पुरावा नव्हे. पुरावा हवा असेल तर माणसांची नाके वापरा. सर्वांत जवळ राहणाऱ्यांपासून सुरुवात करा.

(मार्गदर्शिकेतली ही शेवटची ओळ तिने त्याच दुपारी खोडली.)

पैसा

"ताई, शहराचा निम्मा कर तो कारखाना भरतो," नगराध्यक्ष म्हणाले. "आणि ज्यांच्यासाठी आपण घसा फोडतोय, त्यांनाच वास येत नाही. मी ठराव मांडू कुठल्या तोंडानं?"

"रोजच्या वासानं नाक मरतं. महिनाभर दूर नेलं की परत येतं."

"नेणार कुणाला?"

"सासूबाईंना. नातं आत्ताच नोंदीत घ्या, उद्या कुणी बोट दाखवायला नको. तपासणी नगरपालिकेच्या डॉक्टरबाई करतील, मी नाही."

नगराध्यक्षांना हसू आवरेना. "सासू सुनेच्या बाजूनं बोलली, तर आणखी पुरावा मागायची छाती कुणाची होणार?"

हवा

"वास, वास! लग्न होऊन आलीस तेव्हापासून हेच तुणतुणं. त्यापायी माझ्या मुलाला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलीस. नखरे नुसते."

"महिनाभर या, आई. परतल्यावरही वास आला नाही, तर मी या नियमाचा नाद सोडते. पुन्हा एक अक्षर काढणार नाही."

"लिहून देशील?"

सुनेने पेन काढले आणि लिहून दिले. सासूबाईंनी कागद दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि मगच बॅग भरायला घेतली.

पहिला आठवडा रुसण्यात गेला. त्यानंतर कधीतरी नातीचे केस विंचरताना त्यांचा हात मध्येच थांबला. मग पेन्सिल तासताना. मग इस्त्रीच्या कपड्यांची चळत उचलताना. त्या कुणाला काही सांगत नसत. वस्तू खाली ठेवून पुन्हा उचलून बघत. सूनही विचारत नसे. विचारले, तर साक्ष पढवल्यासारखे झाले असते.

पुन्हा हवा

परतताना गल्लीच्या तोंडाशी सासूबाईंची चाल मंदावली. त्यांनी कुलूप काढले, दार ढकलले आणि आत पाऊल न टाकता चौकटीला हात टेकला.

सून दोन पावले मागेच उभी राहिली.

बऱ्याच वेळाने सासूबाई आत गेल्या. कपाट उघडून त्यांनी नातीसाठी विणत आणलेला स्वेटर काढला आणि नाकाशी नेला. तसाच धरून ठेवला.

"आधीचे दोन," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "तिला लहान झाले, म्हणाली होतीस."

सुनेने हातातली बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"लहान नव्हते झाले."

"नाही, आई."

"धुऊन पाहिलेस?"

"खूपदा."

सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. पर्समधून सुनेने लिहून दिलेला तो कागद काढला, त्याची आणखी एक घडी केली आणि स्वेटरचे टोक शोधून उसवलेली लोकर त्या कागदाभोवती गुंडाळू लागल्या.

"सुनावणी कधी?"

"पुढच्या आठवड्यात. सभागृहात."

"तिथे नको, तिथे पंखे असतात. इथे घ्या. त्या वकिलाला म्हणावं, पोटभर जेवून ये, ही खुर्ची तुझी."

"चालेल. पण तोवर तुम्ही इथे राहायचं नाही. नाक पुन्हा जाईल."

सासूबाईंनी मान हलवली, पण त्यांचे लक्ष बाहेर होते. समोरच्या घरातली शेजारीण गुणगुणत कपडे वाळत घालत होती. एक चादर तिने गालाला लावून पाहिली, मग नाकाला, आणि समाधानाने दोरीवर पसरली.

लोकर गुंडाळणारा हात थांबला.

"सुनावणी महिनाभर पुढे ढकलता येते?"

"येते."

"मग तुझ्याकडे आणखी एक गादी पडेल का बघ," त्या उठत म्हणाल्या. "मी बोलते तिच्याशी."

कायदा, दुसरा खर्डा

सर्वांत जवळ राहणाऱ्यांपासूनच सुरुवात करा. आधी त्यांना महिनाभर आपल्या घरी न्या.