डावीकडून बसलेला मार

माझा नवरा ऑर्व्हिल अठरा वर्षं आमच्या काउंटीच्या जत्रेत डर्बी खेळला, आणि त्यातल्या चौदा वेळा त्याच्या गाडीचा मागचा ॲक्सल मोडला. इंजिन धडधाकट, रेडिएटर शाबूत, आणि मागचं एक चाक मात्र फेंगडं होऊन बाहेर आलेलं. या डर्बीत चिखलाच्या रिंगणात दहाबारा जुन्या गाड्या एकमेकींवर आदळत राहतात. शेवटपर्यंत जी हलती राहील ती जिंकते. ज्याची गाडी अडली त्याने दारावरची काठी मोडून हार मानायची. ऑर्व्हिलने इतक्या काठ्या मोडल्या की हिवाळ्यात त्यांच्यावर एक दिवस शेगडी चालली असती.

त्याचा उपाय दर वर्षी एकच, लोखंड. ॲक्सलखाली पट्टी, पट्टीवर पट्टी, वरून साखळ्या. मागल्या वर्षी तपासनीस हॉलिसने गाडीखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "ऑर्व्हिल, तू गाडी आणलीस की पूल?" नियमाबाहेरच्या पट्ट्या त्याने तिथेच कापायला लावल्या. तासाभरात ॲक्सल गेला तो गेलाच.

आमची मुलगी रॉन्डा वेल्डिंगचं काम करते. एकतीस वर्षांची आहे आणि हट्ट सगळा बापाचा घेतलेला. या जूनमध्ये एका रविवारी चर्चहून आल्यावर तिने विचारलं, "आई, तू घेतलेलं शूटिंग कुठंय सगळं?"

मला डर्बी नुसत्या डोळ्यांनी बघवायची नाही. म्हणून मी कॅमेरा डोळ्याला लावून बसायची. त्यातून सगळं बारकं दिसतं, जणू दुसऱ्याच कुणाचा नवरा मार खातोय. घरी आल्यावर ते पुन्हा कोण बघणार? अठरा वर्षांच्या कॅसेटी आणि सीड्या एका खोक्यात पडून होत्या. रॉन्डाने ते खोकं नेलं आणि दोन आठवड्यांनी, रविवारच्या जेवणानंतर, आम्हा दोघांना टीव्हीसमोर बसवलं.

"बाबा, लोखंड कमी पडत नाहीये," ती म्हणाली. "हे बघा. तुम्ही मागे घेताय, गाडी तिरकी झालीय, आणि डावीकडून कुणीतरी येऊन नेमकं मागच्या चाकावर आदळतंय. हे पुढच्या वर्षीचं. हे त्याच्या पुढचं. चौदाही वेळा डावंच चाक."

"योगायोग असतो," ऑर्व्हिल म्हणाला.

"तुम्ही डावीकडे बघतच नाही."

"बघतो की."

"एकदाही नाही, बाबा. मी मोजलंय."

मी ऑर्व्हिलकडे बघितलं. बावीस वर्षांपूर्वी तो धान्याच्या उंच सायलोच्या शिडीवरून पडला होता. तेव्हापासून त्याची मान डावीकडे वळत नाही. डॉक्टरकडे गेला नाही, कुणाला सांगितलंही नाही. घरी ट्रॉली मागे घेताना मी आपोआप डावीकडे जाऊन उभी राहायची आणि हात दाखवायची. इतकी सवय झाली होती की त्यावर आम्ही कधी बोललोही नव्हतो. आणि डर्बीच्या नियमाने आरसे काढलेल्या गाडीत तो एकटा बसतो तेव्हा त्याला कोण हात दाखवणार, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

"म्हणजे अठरा वर्षं मीच मोडत होतो," ऑर्व्हिल म्हणाला आणि उठून बाहेर गेला. खिडकीतून दिसत होता. ट्रॅक्टरवर बसला होता, पण सुरू करत नव्हता.

रॉन्डा भांडी विसळत होती. "नको होतं का सांगायला?" तिने विचारलं.

"सांगायला मी हवं होतं," मी म्हटलं. "बावीस वर्षांपूर्वीच."

तासाभराने तो आत आला. "यंदा तू चालव," तो तिला म्हणाला. "पण मी सांगेन तसं."

"आणि मी सांगेन ते?"

"तेही ऐकू. अधूनमधून."

ॲक्सलचं काम तिने हातात घेतलं. नियमात बसते तेवढी एकच आखूड पट्टी, तीही थोडी जोडायची, गार होऊ द्यायची, मग पुढचा भाग. "तापवून तापवून ॲक्सलची नळी तुम्ही आधीच वाकवत होतात," ती म्हणाली. ऑर्व्हिल म्हणाला, "बोल, आज तुझा दिवस आहे," आणि तिला पाना दिला.

जुलैत गहू निघाल्यावर मोकळ्या शेतात सराव सुरू झाला. गवताचे गोल भारे म्हणजे समोरच्या गाड्या. ऑर्व्हिल ट्रॉलीवर उभा राहून ओरडायचा. "चाक तिरकं असताना मार घेऊ नको. धडकेआधी सरळ कर. धडक दिलीस ना? मग तिथे काय गप्पा मारतेस? नीघ." आणि सगळ्यात जास्त वेळा, "येणारा चुकवता येत नसेल तर त्याच्याकडे डिकी फिरव. डिकी चेपली तर चेपू दे, ती उशी आहे. चाकाला उशी नसते." ज्या माणसाला स्वतःला डावीकडे बघता येत नव्हतं, तो पोरीला दिवसभर "डावीकडे बघ, डावीकडे" म्हणत होता. हे त्यालाही कळत होतं. एकदा स्वतःच हसला.

जत्रेच्या दिवशी मी कॅमेरा घरी ठेवला.

पहिल्या फेरीत नऊ गाड्या होत्या. ऑर्व्हिल कुंपणापाशी दोन्ही हातांनी तार धरून उभा. रॉन्डा एकाला ठोकून मागे येत होती आणि एक हिरवी गाडी डावीकडून थेट तिच्या चाकावर निघाली. एवढ्या आवाजात कुंपणापासून ओरडून तिला ऐकू तरी काय जाणार? रॉन्डाचं हेल्मेट डावीकडे वळलेलं मला स्पष्ट दिसलं. तिने गाडीची शेपूट फिरवली. धडक डिकीवर बसली, पत्रा मागच्या सीटपर्यंत आला, आणि गाडी पुढे निघाली. चारही चाकं जमिनीवर.

अंतिम फेरीत ती दुसरी आली. रेडिएटर फुटला, वाफेने समोरचं दिसेना, इंजिन बंद पडलं. तिने खिडकीतून हात काढून काठी मोडली.

आम्ही पोचलो तेव्हा ती गाडीच्या टपावर बसून पाणी पीत होती. ऑर्व्हिल तिच्याशी बोलायच्या आधी चिखलात आडवा झाला आणि गाडीखाली सरकला. बाहेरून नुसते त्याचे बूट दिसत होते.

"बाबा?"

"सरळ आहे," तो म्हणाला. "अगदी सरळ आहे गं."

बाहेर आला तेव्हा डोळे पुसत होता. चिखल गेला म्हणाला. आम्ही दोघींनी मान्य केलं.

सप्टेंबरात मी त्याला डॉक्टरकडे नेलं. या वेळी त्याने वाद घातला नाही. आता आठवड्यातून दोनदा व्यायामाला जातो. मान पूर्ण बरी होणार नाही म्हणतात, पण थोडी वळायला लागलीय. गेल्या रविवारी चर्चमध्ये गाणं चालू असताना त्याने हळूच मान डावीकडे वळवली आणि माझ्याकडे बघितलं. मी इतकी वर्षं त्याच्या त्याच बाजूला बसते.

"काय?" मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "गा तू."