अकरापैकी आठ

डॉ. अंजली गायधनींचा सत्कार आठ दिवसांवर आला होता आणि मुख्य भाषण तबस्सुमला करायचं होतं. सांगण्यासारखं तिच्याकडे खूप होतं. पण त्यातली एक गोष्ट सांगावी की नाही, हे तिचं ठरत नव्हतं.

सातपूरच्या कारखान्यात लेथ चालवणाऱ्या खलीलभाईंची ही मुलगी सहा वर्षांपूर्वी मॅडमच्या प्रयोगशाळेत आली, तेव्हा चारचौघांत बोलायलाही बिचकायची. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाकी सगळं येईल. पटलं नाही तर तोंडावर सांगायचं, एवढं मात्र आजपासून शीक."

जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांचं ऑपरेशन उशिरा झालं, तर डोळा उघडतो. पण मेंदू बघायला शिकतो का, हा मॅडमचा आयुष्यभराचा ध्यास. वयाच्या आठव्या वर्षानंतर ऑपरेशन करून उपयोग नाही, असं सगळे म्हणत होते. तेव्हा मॅडमनी हरसूलच्या डोंगरातली दहा-बारा वर्षांची मुलं आणली, त्यांची ऑपरेशनं करवून घेतली आणि ती मुलं रंग, आकार, हालचाल ओळखायला शिकतात हे दाखवून दिलं. त्यानंतर कितीतरी मोठ्या मुलांसाठी ऑपरेशनची दारं उघडली. पण त्यावरच्या मॅडमच्या शोधनिबंधात आणखी एक वाक्य होतं. या मुलांना चेहरे ओळखता येत नाहीत आणि वर्षभरानंतर त्यांची प्रगती थांबते. त्या वाक्याच्या आधारानं रुग्णालयांनी मुलांचा बघण्याचा सराव वर्षभरातच गुंडाळायला सुरुवात केली.

त्या मुलांच्या पहिल्या तुकडीतले अकरा जण तबस्सुमनं पंधरा वर्षांनी हुडकून काढले आणि फोटो दाखवून त्यांची चाचणी घेतली. अकरापैकी आठ जण चेहरे ओळखत होते.

तीन दिवस त्या आकड्यांचा कागद तिच्या पिशवीतच राहिला. चौथ्या दिवशी मॅडमनीच तिला गाठलं.

"हरसूलचे आकडे कुठे आहेत? चुकवते आहेस मला."

"मॅडम, सत्कार झाल्यावर बघू या का?"

मॅडमनी नुसता हात पुढे केला. आकडे दोनदा वाचले.

"फोटोत केस झाकले होतेस?"

"नाही."

"मग केसांच्या वळणावरून ओळखत असतील. नाहीतर कानातल्यांवरून. मी चुकले म्हणायचं ना, तर पक्कं सिद्ध कर. उद्याच जाऊ."

हरसूलच्या शाळेच्या खोलीत त्या अकरा जणांपैकी झिपरू भाताच्या खाचरातून थेट आला, पायांना चिखल तसाच. ऑपरेशन झालं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. लॅपटॉपवर एक अनोळखी चेहरा दिसायचा, केस आणि कान काळ्या पट्टीनं झाकलेले. मग तीन चेहऱ्यांतून तोच नेमका शोधायचा. असे चोवीस प्रश्न. नुसत्या अंदाजानं आठ बरोबर येतात. झिपरूचे वीस आले.

"कसं काय जमलं रे?" मॅडमनी विचारलं.

"बाई, पयलं समदी तोंडं सारखीच दिसायची. बाजारात आवाजावरनं मानूस वळखायचो. मग पोरगी झाली. तिच्याकडं बघतच बसायचो. हसली की गाल कसा व्हतो, रडली की कसा व्हतो. तिथनं लोकांची तोंडं उमजाया लागली."

"किती दिवस लागले?"

"दिवस नाय, बाई. लय वर्सं गेली."

उरलेल्या दहा जणांची चाचणी मॅडमनी स्वतः घेतली. पुन्हा अकरापैकी आठच.

परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "भाषणात हेच सांग."

"तुमच्या सत्कारात तुमचीच चूक काढू?"

"कौतुक काय, कुणीही करेल. मी तुला जे शिकवलं ते तुला आलं का, हे मला बघायचंय."

भाषणात काय येणार हे कळल्यावर सत्काराचे संयोजक शेखरसर यांचा फोन आला. "अगं, निदान तेवढा एक दिवस सोड. पाहुणे येणार आहेत." तबस्सुमनं नम्रपणे ऐकून घेतलं आणि आकड्यांचा तक्ता छापायला टाकला.

सभागृह भरलं होतं. ऑपरेशन झालेल्या मुलांच्या घरची माणसंही आली होती. तबस्सुम उभी राहिली. "मॅडमच्या निबंधातलं एक वाक्य चुकीचं आहे," ती म्हणाली, आणि खुर्च्यांची कुरकुरसुद्धा थांबली. ती न अडखळता बोलत राहिली. झिपरूचं सांगितलं, वीस उत्तरांचं सांगितलं. "चूक मी शोधली. पण शोधायची रीत त्यांची. आणि माझा आकडा कच्चा आहे म्हणून तो पक्का करायला त्याच माझ्याबरोबर आल्या. असा गुरू मी दुसरा पाहिलेला नाही."

मॅडमनी शाल बाजूला ठेवून माईक घेतला. "चूक माझी. त्यामुळे कितीतरी मुलांचा सराव लवकर थांबला, याचं मला वाईट वाटतं. तो पुन्हा सुरू करायचाय आणि तबस्सुम त्याची प्रमुख असेल. मी तिच्या हाताखाली काम करीन." टाळ्या थांबायच्या आतच त्या खाली उतरल्या.

मालेगावहून आलेल्या सुरय्या मुलीचा हात धरून पुढे आल्या. "आमची अलिशा दहा वर्षांची. साल झालं म्हणून तिचा सराव बंद केला. आता परत आणू का?"

मॅडमनी तबस्सुमकडे पाहिलं.

"उद्या सकाळी नऊला," तबस्सुम म्हणाली. मग खाली वाकून तिनं अलिशाला विचारलं, "माझा चेहरा नीट बघून ठेवशील?"

अलिशा डोळे बारीक करून तिच्याकडे बघू लागली.